सुईआधीची वाट

“गाठीला सुई लावू देऊ नका, चिडते ती.”

हाडाच्या दुखण्यासाठी मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयाकडे निघालेल्या माणसाला हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. कधी ती नात्यातली काकू असते, कधी एसटीत शेजारी बसलेले अनोळखी गृहस्थ. पाठोपाठ पुरावाही येतो: आमच्या अमक्याचा तुकडा काढला आणि महिन्याभरात सगळीकडे पसरलं. डॉक्टरांना हे सगळं पाठ असतं. “असं काही नसतं हो,” म्हणत ते संमतिपत्र पुढे करतात.

या भांडणात दोन्ही बाजू जरा घाई करतात, असं माझं मत आहे. तुकडा काढल्यानं कॅन्सर होत नाही. महिन्यात पसरलेला आजार बहुधा आधीच पसरलेला असतो, तुकड्यामुळे त्याचं नाव तेवढं कळतं. पण हाडाच्या गाठीत सुई कुठून शिरली यावर पुढे पाय वाचणार की कापावा लागणार हे ठरू शकतं. आणि हे काकूंचं म्हणणं नाही, अस्थिशल्यविशारदांनी स्वतः मोजून मांडलेलं आहे.

ही मोजणी 1982 सालची. बोस्टनचे हेन्री मॅन्किन आणि त्यांचे सहकारी यांनी हाडांच्या आणि स्नायूंच्या कॅन्सरचे 329 रुग्ण घेतले आणि त्यांच्या बायप्सीचं, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याचं, पुढे काय झालं ते तपासलं. 60 जणांच्या निदानात मोठी चूक निघाली. 15 जणांचा हात किंवा पाय केवळ बायप्सी चुकीची झाली म्हणून कापावा लागला होता. नीट झाली असती तर तो वाचला असता. हे प्रकार कुठे घडले, तर जिथे पुढचा उपचार व्हायचा त्या केंद्रात कमी, आणि ‘आधी इथंच तुकडा काढून बघू’ म्हणणाऱ्या आधीच्या रुग्णालयांत कितीतरी जास्त. मॅन्किन यांनी 1996 मध्ये पुन्हा 597 रुग्णांचा हिशेब मांडला. चौदा वर्षांत चुकांचं प्रमाण जवळजवळ होतं तिथेच होतं. वैद्यकात आपल्याच धंद्याविषयी इतका रोखठोक कागद क्वचितच लिहिला जातो.

चूक नेमकी कुठे होते? हाडाच्या कॅन्सरमध्ये सुई बाहेर येताना आपल्या वाटेवर गाठीच्या काही पेशी सांडू शकते. असं क्वचितच होतं, पण शल्यविशारद ते गृहीत धरूनच चालतो. म्हणून पुढे मोठी शस्त्रक्रिया होते तेव्हा गाठीबरोबर सुईची ती अख्खी वाट, त्वचेवरच्या ठिपक्यापासून आतपर्यंत, एकाच तुकड्यात काढून टाकली जाते. मग ती वाट अशा जागी हवी की काढून टाकली तरी बिघडणार नाही, आणि शल्यविशारदाचा छेद जिथून जाणार त्या रेषेवरच हवी. आपले हात-पाय आतून मोकळे नसतात. पडद्यांनी विभागलेल्या दालनांत स्नायू बसलेले असतात. सुई एकाच दालनातून गेली तर एकच दालन ‘उष्टं’ होतं. दोन दालनांतून गेली तर दोन्ही. मोठ्या रक्तवाहिनीला चाटून गेली, तर ती वाहिनीही गाठीबरोबर काढण्याच्या यादीत येते.

खांद्याचं उदाहरण यासाठी फार चांगलं. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला गाठ असेल तर सुई खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूच्या पुढच्या भागातून घालतात. या स्नायूला चालवणारा मज्जातंतू मागून निघून पुढे येतो. पुढचा पट्टा काढून टाकला तरी मागच्या स्नायूचा तंतू शाबूत राहतो आणि हात उचलता येतो. तीच सुई कुणी मागून घातली, तर ती वाट काढताना तंतूच जातो, आणि उरलेला स्नायू जागेवर असूनही निकामी होतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी दिसतो तो खांद्यावर मोहरीएवढा ठिपका.

म्हणजे खरा प्रश्न वाटेचा आहे. आणि वाट बघायची तर साधन हवं.

क्ष-किरणांच्या पडद्यावर हाड छान दिसतं, पण वाटेतले स्नायू, पडदे, रक्तवाहिन्या दिसत नाहीत. सीटी स्कॅनवर सगळं दिसतं. हाडांच्या बायप्सीसाठी आजही बहुतेक ठिकाणी सीटीच वापरतात आणि ते योग्यच आहे. पण सीटी थांबून थांबून चालतं. सुई थोडी सरकवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा थोडी सरकवायची, पुन्हा चित्र. उरली सोनोग्राफी. ती वाट दाखवते, सुई चालत असताना दाखवते, किरणोत्सर्ग नाही, खर्चही कमी. अडचण एकच, पण ती जबर आहे. सोनोग्राफीला हाडाच्या आतलं काहीच दिसत नाही.

असं का, ते समजायला माथेरानचा एको पॉइंट आठवा. आपण साद घालतो आणि समोरच्या कड्यावरून पडसाद येतो. कड्याच्या पलीकडे काय आहे, हे त्या पडसादातून कधीच कळत नाही. सोनोग्राफीचा प्रोब हेच करतो, फक्त त्याची साद आपल्याला ऐकू येत नाही. माणसाच्या कानाची मर्यादा सेकंदाला 20,000 कंपनांची, आणि प्रोबचा ध्वनी 20 लाखांपासून दीड-दोन कोटी कंपनांपर्यंतचा. स्नायू, चरबी, यकृत यांतून हा ध्वनी सेकंदाला साधारण 1540 मीटर वेगानं जातो. एका मऊ पदार्थातून दुसऱ्या मऊ पदार्थात शिरताना त्याचा शंभरावा हिस्सा किंवा त्याहून कमी परत फिरतो, बाकीचा पुढे जातो. त्या परत आलेल्या चिमूटभर ध्वनीतून चित्र तयार होतं, आणि पुढे गेलेल्या ध्वनीतून त्याच्या खालचं चित्र.

हाड लागलं की हिशेब बदलतो. हाड घट्ट आणि ताठ. त्यात ध्वनीचा वेग दुपटीहून अधिक होतो. मऊ मांसातून येणारा ध्वनी हाडाच्या भिंतीवर सरळ आदळला तर सुमारे चाळीस टक्के तिथूनच परततो. तिरका आदळला तर जवळजवळ सगळाच भलतीकडे फेकला जातो. जो थोडा आत शिरतो तो हाडात विरून जातो, कारण हाड ध्वनी गिळण्यात मांसापेक्षा निदान दहापट पटाईत आहे. पडद्यावर मग दिसते एक लख्ख पांढरी रेघ आणि तिच्यामागे काळाकुट्ट अंधार. सोनोग्राफी करणारे त्या अंधाराला सावली म्हणतात. पित्ताशयातल्या खड्यामागेही अशीच सावली पडते, आणि खडा ओळखायची तीच खूण.

सोनोग्राफीच्या इतिहासाची सुरुवातच हाडानं केलेल्या फजितीनं झाली, ही गोष्ट मला फार आवडते. कार्ल डुसिक हा ऑस्ट्रियातला मज्जाविकारतज्ज्ञ. मेंदूच्या आत पाण्यानं भरलेल्या पोकळ्या असतात. त्या ध्वनीनं दिसतील अशी त्याची कल्पना. भौतिकशास्त्रज्ञ भाऊ मदतीला होता. डोक्याच्या एका बाजूनं ध्वनी सोडायचा, दुसऱ्या बाजूला किती पोचला ते टिपायचं. 1942 साली त्यानं पहिला लेख लिहिला, आणि युद्धानंतर चित्रंही छापली. चित्रांत खरोखरच मेंदूच्या पोकळ्यांसारखा आकार दिसत होता. अमेरिकेतही लोक या कामाला लागले. पुढे 1952 च्या सुमारास जर्मनीत कुणीतरी साधी गोष्ट करून पाहिली. मेंदू नसलेली कवटी पाण्यात ठेवून तोच प्रयोग केला. चित्र तसंच आलं! डुसिकनं इतकी वर्षं मेंदू म्हणून जे पाहिलं, ती कवटीच्या हाडाची कमी-जास्त जाडी होती.

दुसरा कुणी असता तर खचला असता. डुसिकनं 1958 मध्ये कातडी, स्नायू, कंडरा, कूर्चा, हाड अशा सांध्याभोवतीच्या एकेका पदार्थात ध्वनी किती विरतो ते मोजून छापलं. स्नायू आणि हाडांच्या सोनोग्राफीचा इतिहास लिहिणारे आता याच लेखाला आपला पहिला लेख म्हणतात. ज्या हाडानं हसं केलं, त्याचीच मोजणी त्यानं करून ठेवली.

त्याच वर्षी ग्लासगोच्या इयन डोनाल्डचा पोटातल्या गाठींवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि सोनोग्राफीची गाडी बायकांच्या पोटाकडे वळली. डोनाल्ड प्रसूतितज्ज्ञ. 1955 मध्ये तो बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेला होता. तिथे धातूच्या जोडातल्या भेगा शोधायला ध्वनीचं यंत्र होतं. नुकत्याच काढलेल्या गाठी त्यानं मोटारीच्या डिकीतून नेल्या, आणि कारखान्यानं तुलनेसाठी गोमांसाचा मोठा तुकडा ठेवला होता. पोट या यंत्राला मानवलं, कारण तिथे हाड आडवं येत नाही. सुईला ध्वनीनं वाट दाखवायची युक्ती रुळायला मात्र 1972 उजाडावं लागलं. कोपनहेगनमध्ये हॉल्म आणि फिलाडेल्फियात गोल्डबर्ग यांनी एकमेकांपासून दूर राहून एकाच सुमारास प्रोबच्या मधोमध भोक पाडलं आणि त्यातून सुई घातली. पोटातलं पाणी, यकृतातल्या गाठी, मूत्रपिंड, सगळीकडे ही पद्धत पोचली. हाड तेवढं मागे राहिलं. जिथे दिसतच नाही तिथे सुई कशी घालणार?

घालता येते ती आजारामुळेच.

हाडाची बाहेरची भिंत शाबूत आहे तोवरच ती ध्वनीला अडवते. हाडाचे अनेक आजार नेमकी हीच भिंत खातात. दुसऱ्या अवयवाच्या कॅन्सरनं हाडात घर केलं की तो आतून पोखरून बाहेर येतो. मुलांमध्ये दिसणारा युइंग सार्कोमा हा हाडाचा कॅन्सर तर हाडातल्या भागापेक्षा बाहेर आलेल्या मांसल गोळ्यामुळेच आधी हाताला लागतो. वाढत्या वयातल्या मुलामुलींच्या गुडघ्याभोवती होणारा ऑस्टिओसार्कोमाही बहुधा भिंत ओलांडून स्नायूंत शिरलेला असतो. भिंत पडली तिथे ध्वनीला खिडकी मिळते. पांढरी रेघ मध्येच तुटते, तुटलेल्या जागी करडा गोळा दिसतो, आणि त्या गोळ्याच्या आतलंही दिसतं. एरवी आंधळं असणारं यंत्र आजार पुढे सरकला तिथेच डोळस होतं. हे सुदैव म्हणावं की दुर्दैव, मला ठरवता येत नाही. निदानापुरतं तरी ते सोयीचं आहे.

आणखी एक फायदा. बाहेर आलेला मांसल भाग हा खऱ्या गाठीचाच भाग, शिवाय बहुतेकदा सगळ्यात जिवंत आणि वाढता. तुकडा तिथून घेतला की हाडाला भोक पाडावं लागत नाही. आधीच पोखरलेल्या हाडाला भोक म्हणजे मोडायला निमंत्रण. हाड तिथे मोडलं तर रक्ताबरोबर गाठीच्या पेशी आजूबाजूला पसरतात आणि पाय वाचवायचा बेत कठीण होतो.

प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. समजा चौदा वर्षांची मुलगी आहे. गुडघ्याच्या वर, मांडीच्या बाहेरच्या अंगाला सूज. दोन महिने गावात चोळणं, लेप, पट्टी झालेलं. अशा सुजेवर मालीश करू नये हे इथंच सांगून ठेवतो. क्ष-किरण आणि एमआरआय झालेले आहेत. एमआरआय सुईच्या आधी हवा, नंतर नाही, कारण सुईनं झालेलं रक्त गाठीच्या कडा पुसट करतं. जो शल्यविशारद पुढे शस्त्रक्रिया करणार त्यानं रेडिऑलॉजिस्टबरोबर बसून चित्रं पाहिली आहेत आणि मांडीवर पेनानं रेघ मारून दिली आहे: छेद इथून जाणार, सुई या रेघेवर. ही रेघ माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत महाग वस्तू, आणि तिला खर्च काहीच नाही. रक्त गोठण्याच्या तपासण्या ठीक आहेत.

मुलगी जशी बरी वाटेल तशी पडते. सीटीच्या बोगद्यात असं चालत नाही. तिथे यंत्राच्या सोयीनं पडावं लागतं. प्रोबवर निर्जंतुक आवरण चढतं, आपल्याकडे अनेकदा निर्जंतुक हातमोजाच त्या कामी येतो. जेली लावतात ती प्रोब आणि कातडी यांच्यामधली हवा घालवायला. हवेची फट राहिली तर ध्वनी आत जातच नाही. आधी डॉक्टर नुसतं फिरून पाहतात. भिंत कुठे तुटली, गोळा किती खोल, मोठी रक्तवाहिनी कुठून जाते. मग डॉपलरचं बटण दाबलं की वाहतं रक्त लाल-निळं चमकतं. त्यातून दोन गोष्टी कळतात. सुई कुठून न्यायची नाही, हे एक. आणि गोळ्याचा कुठला भाग जिवंत आहे, हे दुसरं. झपाट्यानं वाढणाऱ्या गाठीचा गाभा रक्ताअभावी मरतो. तिथून तुकडा घेतला तर आठवड्यानं अहवाल येतो, ‘केवळ मृत पेशी, निदान शक्य नाही’, आणि सगळं पुन्हा. म्हणून सुई कडेच्या, रक्त खेळत्या भागाकडे न्यायची.

कातडी बधिर करतात ती लिग्नोकेननं. ते औषध आत कुठवर पोचलं तेही पडद्यावर दिसतं. हाडाला दुखत नाही असा समज आहे. पण हाडाच्या आतल्यापेक्षा त्याच्यावरचं पातळ आवरण फार हळवं असतं. बधिरीकरण तिथवर नेलं नाही तर मुलगी टेबलावरून उठेल. कधी कधी लहान मुलांना झोपेचं औषध किंवा पूर्ण भूल द्यावी लागते, आणि त्यात कमीपणा नाही.

कातडीला तीन-चार मिलिमीटरचा छेद. त्यातून साधारण दोन मिलिमीटर जाडीची सुई. इथे कसब लागतं. सुई प्रोबच्या रेषेतच हवी, आणि होता होईल तो आडवी. ध्वनी गुळगुळीत धातूवरून आरशासारखा परततो. सुई आडवी असेल तर पडसाद प्रोबकडे येतो आणि पडद्यावर लख्ख रेघ दिसते. सुई उभी झाली की पडसाद भलतीकडे जातो आणि सुई गायब होते. नवशिका इथे घाबरतो आणि सुई पुढे दामटतो. शिकवणारे सांगतात, टोक दिसत नसेल तर सुईवरचा हात थांबव, प्रोब हलव. सुई चालवायचं हे शिक्षण दोन हात दोन वेगळी कामं करतात म्हणून अवघड. तबला शिकणाऱ्याला हे लगेच पटेल.

टोक गोळ्यात पोचलं की डॉक्टर मुलीला म्हणतात, “आता एक आवाज येईल, दचकू नकोस.” चटक! सुईतली स्प्रिंग सुटते, आतली खाच पुढे जाते आणि बाहेरची नळी तिच्यावर सरकून तुकडा कापते. तुकडा दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा, शेवईएवढा. एकाच वाटेनं असे चार-सहा तुकडे घेतात. बाहेरची जाड सुई जागेवर ठेवून आतली परत परत घालायची सोय असते, म्हणजे वाट एकच राहते. शेवटी दाबून धरायचं, लहान पट्टी, आणि तो ठिपका पेनानं खूण करून ठेवायचा. काही शल्यविशारद तिथे शाईचा कायमचा ठिपका गोंदवून घेतात. कारण केमोथेरपीचे काही महिने गेल्यावर शस्त्रक्रियेची वेळ येते तेव्हा सुईची खूण पुसलेली असते, आणि काढून टाकायची वाट मग शोधायची कुठे?

इथवर सगळं नीट झालं तरी घोटाळ्याची एक जागा उरते, आणि ती अगदी आपल्याकडची आहे. बाटली.

तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकायचे, ती नातेवाईकाच्या हातात द्यायची आणि ‘पॅथॉलॉजीत नेऊन द्या’ म्हणायचं, ही आपली रीत. फॉर्मॅलिन पेशी टिकवतं, पण जंतू मारतं. भारतात हाडाच्या गाठीसारखं दिसणारं दुखणं कॅन्सर निघेल तसं क्षयही निघू शकतं. हाडाचा क्षय पाठीच्या कण्यात, खुब्यात, बरगडीत, कुठेही बसतो आणि चित्रांत गाठीचं सोंग हुबेहूब आणतो. उलट युइंग सार्कोमामध्ये ताप येतो, सूज गरम लागते, आणि तो पू समजून चिरला जातो. म्हणून गाठीसारखं दिसलं तरी जंतूंसाठी पाठवायचं आणि पू वाटला तरी पेशींसाठी पाठवायचं, हा जुना नियम. जंतूंसाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये नाही, साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवतात. त्यातून क्षयाचे जंतू वाढवून पाहता येतात आणि सीबीनॅट यंत्रावर काही तासांत क्षय आहे का आणि रिफॅम्पिसिन या औषधाला तो दाद देईल का, हे कळू शकतं. सगळेच तुकडे फॉर्मॅलिनमध्ये पडले तर हा रस्ता बंद. एवढी वाट जपली, एवढं कसब लावलं, आणि एका बाटलीनं अर्ध्या कामावर पाणी फिरलं.

मांसल भागातून तुकडा घेण्याचा आणखी एक उपयोग प्रयोगशाळेत दिसतो. हाडाचा कठीण तुकडा कापता यावा म्हणून आधी आम्लात ठेवून त्यातला चुना काढावा लागतो. त्यात दिवस जातात, आणि आम्लामुळे पेशींतला डीएनए खराब होतो. युइंग सार्कोमाची खात्री तर डीएनएमधल्या एका विशिष्ट अदलाबदलीवरूनच होते. मऊ तुकड्याला हे आम्लस्नान लागत नाही.

सोनोग्राफी फक्त मोठ्या गाठींसाठीच कामाला येते असंही नाही. बरगडी घ्या. तिच्या मागे लगेच फुप्फुस. सुई जरा खोल गेली तर छातीत हवा शिरते. सोनोग्राफीत श्वासाबरोबर सरकणारा फुप्फुसाचा काठ समोर दिसत असतो, म्हणून बरगडी आणि छातीचं मधलं हाड यांच्या पोखरलेल्या गाठींना हे साधन फार सोयीचं. लहान मुलांच्या हाडात जंतू शिरले की पू हाडावरच्या आवरणाखाली साठतो. मुलांचं आवरण सैल चिकटलेलं असतं, चटकन उचललं जातं. क्ष-किरणांत सुरुवातीच्या दिवसांत काहीच दिसत नाही, सोनोग्राफीत मात्र हाड आणि आवरण यांच्यामधला पुवाचा थर दिसतो. तिथेच सुई घालून तो काढता येतो आणि तपासायलाही पाठवता येतो.

नाही म्हणायच्या जागाही पुष्कळ आहेत. भिंत शाबूत असलेली, हाडाच्या गाभ्यात दडलेली लहान गाठ सोनोग्राफीला दिसणारच नाही. कण्याच्या मणक्यांच्या आत, जाड मांडीच्या खोल हाडात, कमरेच्या आतल्या बाजूला सीटीच हवं. लंडनजवळच्या स्टॅनमोर इथल्या अस्थिरुग्णालयानं 2000 साली 63 रुग्णांचा अनुभव छापला. सोनोग्राफीच्या मदतीनं घेतलेल्या तुकड्यांवरून जवळजवळ सगळ्यांचं निदान बरोबर आलं होतं. पण हे रुग्ण निवडून घेतलेले होते, ज्यांची गाठ हाडाबाहेर आलेली होती असे. अशा निवडीशिवाय ‘सोनोग्राफी सीटीइतकीच चांगली’ असं म्हणणं लबाडीचं होईल. शिवाय सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर जितकी अवलंबून असते, तितकं सीटी नसतं.

इतकं स्वस्त आणि हलकं यंत्र मग खाटेखाटेशी का फिरत नाही? याचं एक कारण प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर टांगलेलं असतं: ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.’ महाराष्ट्रानं या विषयावरचा देशातला पहिला कायदा 1988 मध्ये केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. त्या कायद्याखाली गर्भाशी काडीचा संबंध नसलेल्या कामाचं सोनोग्राफी यंत्रही ठरावीक जागेच्या नावे नोंदवावं लागतं. हातात मावणारं यंत्र 2012 च्या नियमानुसार त्या नोंदणीकृत जागेतल्या दाखल रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येतं. अस्थिशल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ यांची यावर कुरकुर असते आणि ती खोटी नाही. पण 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या, हेही खोटं नाही. हाडवाल्यांना थोडे जास्त फॉर्म भरावे लागले तर लागू देत, असं माझं मत. फॉर्मनं कुणाचा पाय गेल्याचं मी ऐकलेलं नाही. घाईनं काढलेल्या तुकड्यानं गेल्याचं मॅन्किन यांनी लिहून ठेवलं आहे.

तेव्हा घरात कुणाच्या हाडात गाठ निघाली आणि जवळच्या दवाखान्यात ‘उद्या सकाळी या, सुई घालून बघू’ असं कुणी म्हणालं, तर एक दिवस थांबा. पुढची शस्त्रक्रिया कोण करणार ते विचारा, आणि सुईची जागा त्यांनीच ठरवावी असा आग्रह धरा. परळच्या टाटा मेमोरियलसारखं केंद्र दूर वाटत असलं तरी पहिली सुई तिथे लागणं हे दुसरं मत घ्यायला तिथे जाण्यापेक्षा कितीतरी बरं. एमआरआय सुईआधी झाला का, तेही पाहा. आणि तपासणीच्या खोलीबाहेर तुमच्या हातात एकच बाटली आली, तर नेण्याआधी एवढं विचारा: सलाइनची दुसरी बाटली कुठे आहे?